थडग्याच्या पेटीत काय असते?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आर्वीचे एक जुने नाव ‘आर्वी तेलंगराव’. तेलंगराव वली यांनी हे गाव वसवले, असे लोक सांगत, ही नोंद १९०८च्या सुमारास निघालेल्या इंपीरियल गॅझेटिअरमध्ये आहे. हिंदू म्हणत, ते ब्राह्मण होते. मुसलमान म्हणत, ते मुसलमान झाले. कबरीला मात्र दोघेही मानत.

अशी कबर पाहिली की हमखास एक प्रश्न निघतो : वर दिसतो त्या चौथऱ्यात देह असतो का? सहसा नसतो. देह खाली मातीत असतो. वरचे बांधकाम ही केवळ खूण. ताजमहालात जाळीआड दिसणाऱ्या कबरींखाली, तळघरात, खऱ्या कबरी आहेत. आपल्याकडच्या समाधीचा चौथराही पुष्कळदा अशीच खूण असतो.

इंग्लंडमध्ये चर्चच्या आवारात दगडी पेटीसारखी थडगी दिसतात. पेन्सविक या गावची तर प्रसिद्धच आहेत. चार बाजूंना चार शिळा, वर झाकणासारखी पाचवी. पाहणाऱ्याला वाटते, शवपेटी आतच ठेवली असेल. पण तीही जमिनीखाली पुरलेली असते.

या पेट्या मोडतात कशा, ते आपल्यालाही उपयोगी आहे. खालची माती खचते, पेटी कलते, सांधे उघडतात. आत पाणी शिरून शिळा जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या गंजतात. गंजलेले लोखंड फुगते आणि दगड फोडते. मग कोणी सिमेंट भरतो. चुन्याच्या सांध्यातून ओल बाहेर पडते; सिमेंट ती अडवते. अडलेली ओल मऊ दगडातून, विटेतून वाट काढते, सोबत क्षार आणते आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. त्यावर नाव कोरलेले असेल तर तेही जाते. म्हणून तिथले जाणकार कारागीर पेटी सुटी करतात, गंजणार नाही अशा पोलादाच्या पट्ट्या घालतात आणि चुन्यातच पुन्हा जुळवतात.

आपल्या गावोगावच्या कबरी आणि समाध्यांना आपण भक्तीने ऑइलपेंट देतो, फरशा बसवतो. हेतू चांगलाच असतो. पण अक्षरे रंगाखाली बुजतात आणि ओल आत कोंडते. माझी विनंती एवढीच : डागडुजीआधी दगडावरचा मजकूर वहीत उतरवा, फोटो घ्या, आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधा. रंग पुढच्या वर्षीही देता येईल, पुसलेले नाव कुठून आणणार?