स्वर्गीय नर्तक ओळखायचा कसा?

नरडाण्याहून तापी ओलांडून शिरपूरकडे गेलो, की पुढे सातपुडा दिसू लागतो. तिथल्या सावलीच्या नाल्याकाठी आपण हा पक्षी शोधायचा. हिंदीत याला दूधराज म्हणतात. मध्य प्रदेशचा हा राज्यपक्षी.

आधी कान द्यायचा. कर्कश ‘च्वे-च्वे’ ऐकू आलं, की जागीच थांबायचं. मग डोकं बघायचं: काळं, तुरेवालं, डोळ्याभोवती निळी कडा. नराच्या शेपटीची दोन पिसं फितीसारखी लांब.

आता आपला गोंधळ होतो तो इथं. एक पांढरा दिसतो, एक तांबूस. आपण म्हणतो, दोन जाती! तसं नाही. तरुण नर तांबूस आणि आखूड शेपटीचाच असतो. दोन-तीन वर्षांत शेपटी लांबते, पुढे अंग पांढरं होतं. म्हणजे लांब शेपटीचा तांबूस दिसला, तरी तो नरच. मादी मात्र कायम तांबूस, आखूड शेपटीची. तिला आपण बुलबुल समजून सोडून देतो. पण बुलबुलाच्या बुडाशी लाल डाग असतो, हिला नसतो.

मे ते जुलै यांची वीण. कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेल्या वाटीएवढ्या घरट्यात नर-मादी दोघंही अंडी उबवतात. फोटोसाठी आपण एक फांदी बाजूला केली, तरी घरटं कावळ्याच्या नजरेत येतं. म्हणून ओळख पटली, की चार पावलं मागं सरायचं.