भिलाई: तरुणांनी वसवलेलं शहर

2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत युनियन यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चालत होता. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी आपलं नागपूरच. चार वर्षांनी, 4 फेब्रुवारी 1959 रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. भातशेतीच्या मुलखात एक शहर उभं राहिलं, आणि ते उभं केलं तरुणांनी.

केरळ, बंगाल, आंध्र, पंजाब, बिहार आणि विदर्भातूनही मुलं आली. काही इंजिनियर सोव्हिएत कारखान्यांत शिकून परतले. आईवडील गावी राहिले, इथे नवी बिऱ्हाडं थाटली गेली. क्वार्टर मिळायचं ते नोकरीच्या श्रेणीप्रमाणे, जात विचारून नव्हे. त्यामुळे मल्याळी घराच्या भिंतीला ओडिया घराची भिंत लागली. टाउनशिपच्या सेक्टरांमध्ये दुर्गापूजा, ओणम, गणेशोत्सव आणि जगन्नाथाची रथयात्रा एकाच वर्षात नांदू लागली. वडीलधाऱ्यांचा पहारा सैल असलेल्या या वस्तीत आंतरजातीय लग्नंही होऊ लागली. मला भिलाईचं सगळ्यात मोठं उत्पादन हेच वाटतं, कारखान्यात बनणाऱ्या रेल्वे रुळांपेक्षाही मोठं.

पुढची पिढी शाळेत आणि मैदानात घडली. सेक्टर 10 ची शाळा आयआयटी प्रवेश परीक्षेच्या निकालांमुळे देशभर ओळखली गेली. पंत स्टेडियममध्ये राजेश पटेल या प्रशिक्षकाने मुलींना बास्केटबॉल शिकवला. साध्या घरांतल्या, खेड्यापाड्यांतल्या मुली इथून राष्ट्रीय विजेतेपदांपर्यंत पोहोचल्या, भारतीय संघात गेल्या, खेळाच्या जोरावर नोकरीला लागल्या. 2018 मध्ये पटेल यांचं निधन झालं. मुलगी शॉर्ट्स-जर्सीत मैदानावर उतरते आणि घरचे ते अभिमानाने पाहतात, हा बदल कुठल्याही भाषणाने झालेला नाही, रोजच्या सरावाने झाला आहे.

गाणं आणि रंगभूमीही अशीच वाढली. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई पंडवानी, म्हणजे महाभारताच्या कथा, गात देशोदेशी गेल्या. कारखान्याने त्यांना नोकरी दिली, 2019 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. चित्रपट दिग्दर्शक अनुराग बसू भिलाईच्याच रंगकर्मी घरातला.

पण या तारुण्याला दुसरी बाजू आहे. कायम नोकरीवाल्यांची मुलं शिकून बाहेर गेली, आणि कारखान्यात कंत्राटी कामगार वाढत गेले. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांची जगं कशी दुरावली, हे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी 2020 च्या पुस्तकात विस्ताराने मांडलं आहे. भिलाईच्या खासगी उद्योगांतल्या कंत्राटी कामगारांना संघटित करणारे शंकर गुहा नियोगी तरुणपणी याच कारखान्यात कोक ओव्हनवर काम करत होते. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. पुढच्या वर्षी 1 जुलैला पॉवर हाऊस स्टेशनजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. शहराच्या तारुण्याचा इतिहास लिहिताना हे दिवस वगळता येणार नाहीत.

आज तरुणाई जुनवानी, कोहका या वस्त्यांच्या बाजूला दिसते. खासगी महाविद्यालयं, भाड्याच्या खोल्या, मेस, क्लासच्या पाट्या. संध्याकाळी सिव्हिक सेंटरला गर्दी होते. 2016 मध्ये आयआयटी सुरू झाली. 2024 मध्ये कुटेलाभाटा इथल्या तिच्या कायमच्या संकुलाचं लोकार्पण झालं. बस्तर, कवर्धा, बालोदची मुलं इथे शिकायला येतात, आणि चांगली नोकरी मिळाली की बरीचशी पुणे, बेंगळुरू, हैदराबादची वाट धरतात. पहिली पिढी राहायला आली होती, ही पिढी शिकून निघून जायला येते. त्यामुळे वस्तीत खानावळी वाढतात, नाटकमंडळी वाढत नाहीत.

टाउनशिपमधली मैदानं, सभागृहं, वाचनालयं अजून उभी आहेत. कारखान्याच्या कुटुंबांसाठी बांधलेल्या या जागा कंत्राटी कामगारांच्या मुलांना आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनाही तितक्याच मोकळेपणाने मिळाव्यात, अशी कारखान्याच्या व्यवस्थापनाला आणि महापालिकेला विनंती आहे.