कागदाच्या पोटातला उजेड

परावर्तन मोजणाऱ्या यंत्रात एक पोकळ गोल असतो, आतून पांढराशुभ्र. दिव्याचा उजेड त्यात घुसळून सगळ्या बाजूंनी कागदावर पडतो आणि कागदाने परत धाडलेला उजेड सरळ वरून मोजला जातो. कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी पाहत होतो, तेव्हा तिथल्या बाईंनी एकाच पानाची दोन मापं घेतली: एकदा काळ्या पोकळीवर ठेवून, एकदा त्याच कागदाच्या जाड गठ्ठ्यावर. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की अपारदर्शकता मिळते. त्यात कागदाचं वजन मिळवलं, की आत उजेडाचं काय होतं तेही काढता येतं.

ते गणित पॉल कुबेल्का आणि फ्रांझ मुंक यांनी १९३१मध्ये मांडलं, तेही रंगाच्या लेपांसाठी. कागदातल्या एकेका तंतूचा माग काढणं अशक्यच. त्यांनी दोनच प्रवाह धरले, एक खाली जाणारा, एक वर येणारा. पातळ थर ओलांडताना प्रत्येकातला काही उजेड शोषला जातो, काही उलटा फिरून दुसऱ्या प्रवाहात मिसळतो. शोषणाचा गुणांक ‘के’, विखुरण्याचा ‘एस’. गठ्ठ्याचं परावर्तन ८० टक्के असेल, तर के भागिले एस ०.०२५ येतं, ९० टक्क्यांना ०.००५६. म्हणजे वरच्या दहा टक्क्यांसाठी शोषण साडेचार पटींनी उतरवावं लागतं. लगद्यात उरलेलं, उजेड शोषणारं लिग्निन काढताना शेवटचा टप्पा एवढा महाग का पडतो, ते इथे कळतं.

विखुरणं होतं ते तंतू आणि हवा यांच्या सीमेवर. सेल्युलोजचा अपवर्तनांक सुमारे १.५५, हवेचा १. वड्याचं तेल कागदात मुरलं की हवेच्या जागी सुमारे १.४७ येतो, सीमा पुसट होते आणि कागदातून आरपार दिसू लागतं. रुळांखाली दाबून कागद गुळगुळीत करतानाही हवाच जाते. ६० ग्रॅमच्या कागदाचा एस ५० चौरस मीटर प्रति किलो असेल आणि शोषण नगण्य धरलं, तर ७५ टक्के उजेड परत येतो. एस ४० झाला तर जेमतेम ७१.

अपारदर्शकता वाढवायला दुसरी वाटही आहे: थोडा रंग घालून के वाढवायचा. पण मग कागद मळकट दिसतो. कॅल्शियम कार्बोनेटसारखी भुकटी मात्र एस वाढवते.

गर्द रंगवलेल्या कागदावर हे गणित अडखळतं. तंतू तेच असूनही एस घटल्यासारखा दिसतो, कारण उजेड सगळीकडे सारखा पसरलाय हे गृहीतकच तिथे टिकत नाही. मग अनेक दिशांचा हिशेब ठेवणारी प्रारूपं लागतात. पांढऱ्या कागदाला मात्र दोन प्रवाह पुरतात. म्हणून पाठपोट छपाईचं पुस्तक काढणाऱ्याने नुसत्या शुभ्रतेच्या आकड्यावर भुलू नये. कागदाचा एस किती, हेही विचारून घ्यावं.