किनाऱ्यावरील पक्ष्यांचे वासंतिक स्थलांतर

चैत्र-वैशाखात कोकणचा उन्हाळा तापू लागला, की ठाण्याच्या खाडीतील चिखलपट्ट्यांवर मोठी लगबग सुरू होते. पावसाळ्याच्या अखेरीपासून तेथे मुक्कामास आलेले लहानमोठे पाणपक्षी अधाशासारखे खाऊ लागतात. त्यांच्या करड्या पिसाऱ्यावर तांबूस छटा चढते आणि मग एखाद्या सायंकाळी थव्यामागून थवा उत्तरेकडे उडून जातो. मे महिना सरता सरता या पट्ट्या बव्हंशी ओस पडतात.

हे पक्षी जातात कोठे? छोटा टिलवा हा चिमुकला पक्षी वजनाने सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने जेमतेम दोन तोळे भरतो. त्याची घरटी नॉर्वेपासून सैबेरियापर्यंत पसरलेल्या उत्तर ध्रुवाकडील उघड्या माळरानांवर असतात. त्याच्याच शेजारी चरणारा छोटा चिखल्या हिमालयापलीकडील उंच पठारांवर अंडी घालतो. उत्तरेकडे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही व कीटकांची रेलचेल असते. पण हा सुकाळ थोड्याच आठवड्यांचा असतो. तेथे उशिरा पोहोचणाऱ्या पक्ष्याची पिले पुरेसे अन्न मिळण्यापूर्वीच थंडीच्या तडाख्यात सापडण्याचा धोका असतो. म्हणून वसंतातील प्रवास वेळेवर होणे अत्यावश्यक असते.

प्रवासाची शिदोरी

प्रवासाची शिदोरी पक्षी आपल्या शरीरातच साठवितो. एक ग्रॅम चरबीपासून मिळणारी ऊर्जा पिष्टमय पदार्थाच्या दुपटीहून अधिक असते; म्हणूनच निसर्गाने लांबच्या प्रवासासाठी चरबीची निवड केली आहे. निघण्यापूर्वीच्या काही आठवड्यांत कित्येक जातींचे वजन दीडपट, क्वचित जवळजवळ दुप्पट होते. दूरवर विनाथांबा उडणाऱ्या काही पक्ष्यांत तर ऐन प्रस्थानाच्या वेळी पोट व आतडी आकसतात आणि अनावश्यक ओझे कमी होते.

निघण्याची वेळ पक्ष्यास कशी कळते, हा प्रश्न शास्त्रज्ञांना फार दिवस पडलेला होता. कॅनडात विल्यम रोवन यांनी १९२५च्या सुमारास कडक हिवाळ्यात पिंजऱ्यातील पक्ष्यांपुढे रोज सायंकाळी दिवे लावून दिवस कृत्रिम रीतीने लांबविला, तेव्हा भर थंडीत त्यांच्या शरीरात वसंतातील फरक घडून आले. पुढे १९६०च्या दशकात जर्मनीतील एबरहार्ड ग्विन्नर यांनी दाखविले, की दिवसाची लांबी कायम सारखी ठेवली तरी पक्ष्याच्या शरीरातील वार्षिक घड्याळ चालूच राहते. मुंबईच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या दिवसांत सव्वादोन तासांचेच अंतर असते. येथे राहणाऱ्या पाहुण्यास हे घड्याळ विशेष उपयोगी पडत असले पाहिजे. मार्ग शोधताना सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकक्षेत्र यांचे साहाय्य होते.

पायातील वाळा

उडून गेलेला पक्षी नेमका कोठे गेला हे डोळ्यांनी पाहता येत नाही. त्यासाठी डेन्मार्कमधील शिक्षक हान्स मॉर्टेन्सेन यांनी १८९९ मध्ये साळुंकीच्या कुळातील पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेले ॲल्युमिनियमचे वाळे घातले. १९०१ मध्ये बाल्टिक समुद्रकाठी रोसिटेन येथे पक्षिनिरीक्षण केंद्र निघाले आणि ही पद्धत जगभर पसरली. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्ये धार संस्थानात हे काम आरंभिले. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूर जंगलातील ताप आढळून आला, तेव्हा रोगवाहक गोचिडी पक्ष्यांबरोबर परदेशातून येतात काय, अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ मध्ये सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली मोठी योजना सुरू झाली. भारतात वाळे घातलेली अनेक बदके पुढे मध्य आशियात व सैबेरियात सापडली.

कामाची रीत साधी, पण नाजूक आहे. भरतीच्या वेळी चिखल पाण्याखाली जातो व पक्षी कोरड्या जागी दाटीने विसावतात. तेथे काळोखात अतिशय बारीक धाग्यांची जाळी उभारतात. सापडलेल्या पक्ष्याचे वजन व पंखाची लांबी मोजतात, पिसांवरून वय ठरवितात, वाळा चढवितात आणि त्यास सोडून देतात. वाळ्यावरून प्रवासाची दोन टोके तेवढी कळतात. मधला मार्ग आता उपग्रहाशी जोडलेले यंत्र सांगते. २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीतील सहा रोहित पक्ष्यांवर अशी यंत्रे बसविण्यात आली.

चिखलाचे मोल

ज्यास आपण घाण चिखल म्हणतो, त्यातील कृमी, शंखशिंपले व लहान कवचधारी जीव हेच या पक्ष्यांचे अन्न होय. ते ओहोटीच्या काही तासांतच मिळते. चिखलपट्टी आक्रसली, तर पुरेशी चरबी न साठविताच पक्ष्यास निघावे लागते. चीन व कोरिया यांमधील पीत समुद्राच्या काठी अर्ध्या शतकात निम्म्याहून अधिक चिखलपट्ट्या नष्ट झाल्या, आणि तेथे विसावा घेणाऱ्या अनेक जातींची संख्या झपाट्याने घटली. ठाण्याच्या खाडीतही गाळ साचून तिवरांची झाडी चिखलावर पुढे सरकली आहे. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला, व २०२२ मध्ये खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. परंतु मुक्कामाच्या साखळीतील एक दुवा राखून भागत नाही. मध्य आशियाई उड्डाणमार्ग तीस देशांतून जातो.

सर्वच पाहुणे समुद्रकाठाने प्रवास करीत नाहीत. ठिपकेवाली तुतारी हिवाळ्यात देशाच्या अंतर्भागातील भातखाचरांत व तळ्यांकाठी उतरते. छत्तीसगडच्या मैदानातही, रायपूरनजीकच्या अभनपूरसारख्या भातशेतीच्या मुलखात, तिच्यावर लक्ष ठेवता येते. अशा ठिकाणी वाळा असलेला पक्षी दिसल्यास जिवंत पक्ष्याच्या पायातील वाळा काढू नये. क्रमांक वाचता आला तर टिपून घ्यावा, आणि दिनांक व ठिकाण यांसह मुंबईस बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे कळवावा. वाळा चढविणाऱ्याचे निम्मे काम अशा अनोळखी निरीक्षकानेच पुरे करावयाचे असते.