वर्षभराच्या बोलीवर गेलेलं पथक

सोलापूरकरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस ठाऊक असतात ते भय्या चौकातल्या घरातल्या स्मारकामुळे आणि व्ही. शांताराम यांच्या १९४६च्या चित्रपटामुळे. ज्या पथकातून ते चीनला गेले, त्या पथकाबद्दल मात्र आपण क्वचितच बोलतो. इंडियन मेडिकल मिशन ही पाच डॉक्टरांची, लोकवर्गणीवर उभी राहिलेली मोहीम. संकटात सापडलेल्या परक्या माणसांसाठी काही करावं असं वाटणाऱ्या प्रत्येकाने तिचा इतिहास वाचायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

१९३७मध्ये जपानने चीनवर चढाई केली. शहरामागून शहर पडत गेलं आणि लाखो माणसं घरदार सोडून आत, पश्चिमेकडे निघाली. चिनी कम्युनिस्ट सैन्याचे सेनापती जनरल झू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८च्या उन्हाळ्यात आवाहन केलं आणि २२ हजार रुपये जमले. देणारा देश स्वतः गुलाम होता, हे विसरून चालणार नाही.

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमींची सेवा केलेली होती. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सगळ्यांत ज्येष्ठ. कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. पाचवे कोटणीस, सोलापुरात १९१०मध्ये जन्मलेले, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले. निघाले तेव्हा वय २७. १ सप्टेंबर १९३८ला ‘राजपुताना’ बोटीने पाचही जण मुंबईहून निघाले ते वर्षभराच्या बोलीवर.

हँकोला पोचले तेव्हा ते शहर निर्वासितांनी भरून गेलं होतं आणि ऑक्टोबरअखेर तेही जपान्यांच्या हाती गेलं. मग यिचांग, मग चुंगकिंग. तिथे असतानाच कोटणिसांना वडील गेल्याचं कळलं. घरी परतायची मुभा होती. ते परतले नाहीत. १९३९च्या फेब्रुवारीत इतरांबरोबर कम्युनिस्टांच्या तळावर, यनानला पोचले.

पुढे वयामुळे म्हणा, तब्येतीमुळे म्हणा, चोळकर, मुखर्जी आणि अटल एकेक करून मायदेशी आले. त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. मुदत संपल्यावर घरी जाणं हा स्वयंसेवकाचा हक्कच असतो. पण पथकाचं खरं काम, माझ्या मते, मुदत संपल्यानंतर सुरू झालं. बसू यनानमध्ये राहिले आणि कोटणीस थेट आघाडीच्या मुलखात, हबेई प्रांतात गेले.

तिथलं इस्पितळ कसं होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांचा नोव्हेंबर १९३९मध्ये जंतुसंसर्गाने मृत्यू झाला होता आणि इस्पितळाला त्यांचं नाव दिलेलं होतं. मोठी इमारत नव्हतीच. रुग्ण शेतकऱ्यांच्या घरांत ठेवलेले. जपानी फौजा गावं जाळत पुढे यायच्या तेव्हा सगळं इस्पितळ स्ट्रेचरवर डोंगरात हलवायचं आणि फौजा गेल्या की पुन्हा मांडायचं. जखमी सैनिकांबरोबर आसपासचे गावकरीही उपचाराला येत. जानेवारी १९४१मध्ये कोटणीस या इस्पितळाचे संचालक झाले.

इस्पितळाला जोडून वैद्यकीय शाळा होती. बाहेरून आलेला डॉक्टर किती जणांना पुरणार? म्हणून कोटणीस चिनी शिकले, चिनीतूनच वर्ग घेऊ लागले. हाताशी धड पुस्तकं नाहीत म्हणून शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक स्वतः लिहायला बसले. एक भाग पूर्ण झाला, दुसरा अर्धवट राहिला. शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या ग्वो चिंगलान यांच्याशी त्यांनी १९४१मध्ये लग्न केलं. पुढच्याच वर्षी, ९ डिसेंबर १९४२ला, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. वय ३२, मुलगा यिनहुआ साडेतीन महिन्यांचा.

एवढ्या तरुण वयातलं हे मरण वाचताना आजही गलबलून येतं. पण केवळ हौतात्म्याची आरती ओवाळून थांबलो तर त्या माणसावर अन्याय होईल. तिथली भाषा शिकणं, तिथल्याच मुलामुलींच्या हाती शस्त्रक्रियेची हत्यारं देणं, आपल्यावाचून काम चालेल अशी तजवीज करणं, हे सगळं त्यांनी केलं. आज निर्वासितांच्या छावण्यांत दोन-चार आठवड्यांसाठी जाऊ इच्छिणारे तरुण डॉक्टर आपल्याकडेही आहेत. त्यांनी जावंच. पण निघण्यापूर्वी, आपण परतल्यावर हे काम कोण करणार, एवढं त्या छावणीतल्या माणसांना विचारून घ्यावं.

बसू १९४३मध्ये परतले. पुढे पुन्हा चीनला जाऊन ते अॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९पासून कलकत्त्यात त्यांनी त्या पद्धतीने उपचार सुरू केले. कोटणिसांच्या नावाने स्मारक समितीही त्यांनीच नव्याने उभी केली आणि या उपचाराची केंद्रं तिच्यामार्फत बंगालमध्ये निघाली.