खर्रा, निकोटिन आणि पुरुषाची प्रजननक्षमता

निकोटिन केवळ विडी-सिगारेटच्या धुरातून शरीरात जात नाही. यवतमाळसह विदर्भात खर्रा हा त्याचा मोठा स्रोत आहे. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तो पानठेल्यावर तयार होतो. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे 4 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर सुमारे 24 टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले.

चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होते आणि निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून झटकन रक्तात उतरते. यकृतात त्याचे कोटिनिन बनते. दोन्ही द्रव्ये वीर्यातही सापडतात.

प्राण्यांवरील प्रयोगांत निकोटिनमुळे वृषणातील पेशींची हानी होऊन टेस्टोस्टेरॉन घटल्याचे दिसले आहे. माणसांत या संप्रेरकाबाबतचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. तंबाखूमुळे ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो, शुक्राणूंचे आवरण आणि डीएनए दुखावतात. रक्तवाहिन्यांवरील परिणामामुळे लिंगाच्या ताठरतेतही अडचण येऊ शकते.

भारतात वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या 638 तंबाखू चघळणाऱ्या पुरुषांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसातून जितक्या जास्त वेळा तंबाखू, तितकी शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि रचना खालावलेली, असे त्यात आढळले. मात्र तंबाखूत कॅडमियम, नायट्रोसामाइनसारखी इतर विषेही असतात, आणि खर्ऱ्यात सुपारीतले अरेकोलिनही. त्यामुळे सगळा दोष एकट्या निकोटिनवर टाकता येत नाही. शिवाय खर्रा खाणारा प्रत्येक जण वंध्य होतो असेही नाही. गर्भधारणेची शक्यता मात्र कमी होऊ शकते.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा स्त्रीच्या कारणासोबत असते. तरीही तपासण्या बहुधा बाईपासून सुरू होतात. वीर्यतपासणी सोपी असते. नमुना दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळल्यानंतर देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेनुसार प्रति मिलिलिटर 1 कोटी 60 लाख शुक्राणू ही संदर्भाची खालची मर्यादा आहे. एका अहवालावरून निष्कर्ष काढत नाहीत.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात आणि पक्व व्हायला आणखी काही दिवस. म्हणून खर्रा सोडल्याचा परिणाम साधारण तीन महिन्यांनी तपासावा. सोडण्यासाठी 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.