विटांची टोकं बघा

इंग्लंडमध्ये जुनं विटांचं घर दिसलं, की आधी भिंत नीट बघा. विटांच्या नुसत्या लांब बाजू दिसतात? मग आत पोकळी सोडलेली, बहुधा विसाव्या शतकातली भिंत. मधूनमधून आखूड टोकंही दिसतात? मग भिंत बहुधा भरीव. त्या विटा आडव्या आत जाऊन पुढचा आणि मागचा थर बांधून ठेवतात.

लंडनचा क्यू पॅलेस १६३१ साली सॅम्युअल फोर्ट्री या व्यापाऱ्याने बांधला. तिथे प्रत्येक ओळीत एक लांब बाजू, एक टोक. हा ‘फ्लेमिश बाँड’. दिसायला देखणा, म्हणून पुढे अनेक घरांत तो दर्शनी भिंतीपुरता वापरला. मागची भिंत आणि शेजारची कामगारांची कॉटेजेस मात्र बऱ्याचदा स्वस्त विटांची. पैसा कुठे दाखवायचा आणि कुठे वाचवायचा, ते भिंतीवरच दिसतं.

अशा कॉटेजमध्ये भाड्याने राहत असाल, तर विटांमधल्या दरजाही बघा. जुना चुना ओल बाहेर सोडतो. त्यावर कडक सिमेंट भरलं, की ओल विटांतच अडकते, थंडीत गोठते आणि विटांचे पापुद्रे निघतात. घरमालक म्हणेल, ‘तुमच्या स्वयंपाकाच्या वाफेमुळे ओल येते.’ कधी ते खरंही असतं. पण मान डोलावण्याआधी बाहेर जाऊन दरजांचा फोटो काढा.